झमकूचं पुढं काय झालं?

रविवारी सकाळी देवराव सर ओसरीवर खळ ढवळत बसले होते. 'वेचणी'चे अंक सोमवारच्या टपालात पडायला हवे होते आणि पत्ते चिकटवायचे अजून बाकी होते. तेवढ्यात धोतर-कोटातला एक माणूस फाटक उघडून आत आला, बगलेतली छत्री त्यानं खांबाला टेकवली आणि हात जोडून म्हणाला, "मी डोंगरसिंग आडे. 'तांडा पुढे गेला' हे पुस्तक माह्यंच."

सरांचा खळीतला हात तिथंच थांबला.

'वेचणी' हे दिग्रसहून निघणारं मासिक. त्यात कथा नाही, कविता नाही, लोणच्याची कृती नाही. नुसती पुस्तकांची परीक्षणं. कापसाच्या गावात असलं मासिक काढायला माणूस थोडा वेडा असावा लागतो, आणि हायस्कुलात मराठी शिकवणारे देवराव सर त्या बाबतीत कुठंच कमी नव्हते. मासिकाला काही वर्षं झाली होती, आणि वर्षापूर्वी नवं महाराष्ट्र राज्य झाल्यापासून तर मराठीचं काय ते आपणच पाहायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. कारभार तिघांचा. सर संपादक. बाजारात छापखाना असलेला अय्यूब मुद्रक. लग्नपत्रिका आणि सरकी काढणाऱ्या जिनच्या पावत्यांतून त्याचं यंत्र मोकळं झालं की 'वेचणी'चा नंबर लागायचा. तिसऱ्या कौसल्याबाई, सरांच्या पत्नी. पत्ते त्या लिहायच्या, तिकिटं त्या लावायच्या, आणि सरांच्या लेखातली विशेषणं तांदळातले खडे काढावेत तशी त्याच काढून टाकायच्या. अंकावर त्यांचं नाव कुठंच नसे, पण त्यांनी काढलेलं विशेषण परत घालायची सरांची छाती नव्हती.

मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ब्रीद छापलेलं असे: 'वाचल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही.' त्याचा सरांना भारी अभिमान. मग जी पुस्तकं वाचायची राहून जातात त्यांचं काय? त्यांची सोय मराठी मासिकांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. शेवटच्या पानावर 'साभार पोच'. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, पानं, किंमत, संपलं. एकदा पुस्तक तिथं गेलं की त्याचं तेरावं उरकलं, असं लेखकानं आपलं आपण समजून घ्यायचं असतं. डोंगरसिंगचं पुस्तक मागच्याच अंकात तिथं गेलं होतं. मुखपृष्ठावर निळ्या शाईत नदीकाठी रडत बसलेली बाई होती. सरांनी ती पाहिली, 'आलं आणखी एक रडगाणं' म्हणाले आणि पुस्तक न उघडताच अय्यूबच्या हाती दिलं, पोचेत नाव-गाव टाकायला.

"सर, मी भांडाले नाही आलो," डोंगरसिंग म्हणाला. बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा तो. तिथल्याच प्राथमिक शाळेत गुरुजी. पहाटेच्या एसटीनं निघाला होता, कोटावर धूळ होती. "पोच वाचली. परीक्षण नाही तं नाही. पण मले एकच विचाराचं हाय. दुसरं पुस्तक अर्धं लिहून झालं. शाळा सुटली का लिहीत बसतो. घरची म्हणते, डोये फोडून घेऊन राह्यले. आता तुमीच सांगा. पयलं वाचून तुमाले वाटलं असन का या माणसानं लिहू नये, तं आजच सोडतो. ते अर्धं चुलीत टाकतो अन् मोकया होतो. हो म्हणा, नाही म्हणा."

समोर उभा असलेला तो माणूस गमतीनं बोलत नव्हता. त्याचे डोळे खरंच थकलेले होते आणि तो खरंच घरी जाऊन कागद चुलीत घालणार होता, हे सरांना स्वच्छ दिसलं. 'छान आहे, लिहा' म्हणायला काय जात होतं? पण समजा पुस्तक टाकाऊ असलं, तर हा माणूस आणखी पाच वर्षं डोळे फोडत बसायचा. आणि 'नको' म्हणावं, तर कशाच्या जोरावर? तेवढ्यात कौसल्याबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. सव्वाशे विशेषणं त्या एका नजरेनं गळून पडली.

"पुस्तक आपलं... दुसऱ्या मताले दिलं हाय," सर म्हणाले. "अय्यूबजवळ. एकाच्या मतावर 'वेचणी' चालत नाही, गुरुजी."

"मंग जा न, घेऊन या," कौसल्याबाई म्हणाल्या. "पत्ते मी चिकटवतो."

सर डोंगरसिंगला घेऊन निघाले. छापखाना रविवारचा बंद होता, पण अय्यूबचं घर त्याच्याच मागं. अय्यूब दारातच खाट विणत बसला होता. पुस्तकाचं नाव काढताच तो ओशाळला. "सर, ते पोच जुळवाले घरी आणलं होतं. दोन पानं सहज वाचली, त अम्मीनं ऐकलं. मंग रोज संध्याकाळी वाचून दाखवा लागलं. सोडेचना!"

आतून हुस्नाबी, अय्यूबची आई, काठी टेकत बाहेर आली. पाहुणा म्हणजेच लेखक, हे कळल्यावर तिनं त्याला बसा म्हणायच्या आधी धारेवर धरलं. "तू है क्या वो? आधी किताब बेचता क्या रे? झमकू को बुखार में झाड के नीचे छोडके तांडा चला गया, और आगे पन्नेच नहीं! आगे क्या हुआ उसका?"

"शेवटचा फर्माच बांधला नाही, सर," अय्यूबनं खुलासा केला. "सोळा पानं गायब."

डोंगरसिंगनं कान खाजवला. "ते मले मालूम होतं. बाइंडरनं चारदोन प्रती तशाच बांधल्या होत्या. चांगल्या होत्या त्या विकाले ठेवल्या, अन् यातली एक अभिप्रायाले धाडली. मले वाटलं, परीक्षणवाले शेवटपर्यंत कुठी वाचतेत!"

एरवी सरांनी असल्या माणसाला उभा चिरला असता. आता त्यांनी नुसता घसा साफ केला. चोराच्या मनात चांदणं. डोंगरसिंग आपल्याकडे जरा जास्तच वेळ पाहतो आहे असं त्यांना वाटलं, आणि ते खाटेच्या विणीत भलतंच लक्ष घालू लागले.

पुस्तक आता हुस्नाबीजवळही नव्हतं. दूध घालायला येणाऱ्या रुपीबाईला तिनं गोष्ट सांगितली होती, आणि बंजाऱ्यांची गोष्ट म्हटल्यावर रुपीबाई पुस्तकच उचलून तांड्यावर घेऊन गेली होती. तिची सून धुरपता चौथी शिकलेली, ती वाचून दाखवत होती. हुस्नाबीचं म्हणणं, झमकूचा नवरा बैल घेऊन परत आला असणार. रुपीबाईचं म्हणणं, तो मेला कसला येतो, तीच उठून चालू लागली असणार. रोज दुधाच्या मापावर भांडण. डोंगरसिंग उत्तर सांगायला तोंड उघडतो तोच हुस्नाबीनं काठी वर केली. "यहां मत बोल. उसके सामने बोल, नहीं तो कहेगी मैंने सिखाया. अय्यूब, तू साथ जा. ठीक से सुनके आ."

तांडा पुसदच्या वाटेवर कोसभर. तिघं चालत निघाले. वाटेत अय्यूब झमकूबद्दल बोलत राहिला, तिनं नदीच्या उतारावर बुजलेला बैल कसा आवरला, सासऱ्याला कसं उलट उत्तर दिलं, आणि सर 'हं, हं' करत राहिले. आपल्याच मासिकात पोच दिलेल्या पुस्तकाची गोष्ट आपण आपल्याच मुद्रकाकडून ऐकतो आहोत, आणि ती चांगली आहे, याची त्यांना इतकी लाज वाटली की ऊन जाणवलंच नाही.

तांड्यावर निंबाखाली पंधरावीस माणसं बसली होती. बाया गोधडीला टाके घालत होत्या, आणि मधोमध धुरपता पुस्तक वाचत होती. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जे गावाला गेले होते त्यांच्यासाठी. हे लेखक आणि हे 'वेचणी'वाले सर, अशी अय्यूबनं ओळख करून दिली. रुपीबाईनं लेखकाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, सरांनाही बसायला पोतं टाकलं आणि कामाचं विचारलं. "सांग बेटा. झमकूचं पुढं काय झालं?"

डोंगरसिंग उभा राहिला. शेवटचं प्रकरण त्याला तोंडपाठ होतं. मिठाच्या गोण्या लादलेला तांडा कसा क्षितिजाआड गेला. झमकू तापात रस्त्याकडे डोळे लावून कशी पडून राहिली. मडक्यातलं पाणी कसं सरलं. आणि पुढल्या साली तांडा त्याच वाटेनं आला तेव्हा नवऱ्याला झाडाखाली फक्त तिचे पैंजण कसे सापडले. भाषा देखणी होती. धुरपतानं पदर डोळ्यांना लावला. अय्यूब मान खाली घालून बसला. अम्मीला आता काय सांगायचं, हा त्याच्यापुढं प्रश्न होता.

रुपीबाईच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हता. "मेली?"

"मेली, याडी," डोंगरसिंग आईला म्हणावं तसं म्हणाला.

"पयल्या पानावर तं तू लिहिलं हाय का ही माह्या पणजीची हकिकत हाय."

"हो. खरीच हाय."

"नवी नवरी. लेकरू ना बाळ. अन् झाडाखाली मेली." रुपीबाईनं गोधडीत सुई टोचून ठेवली. "मंग तू कुठून आला?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग सगळं निंबाचं झाड हसायला लागलं. म्हातारे हसले, धुरपता रडता रडता हसली. डोंगरसिंगनं टोपी काढून तोंड पुसलं. तोही हसत होता, पण त्याचा चेहरा पार बदलला होता.

"नाही मेली ते," तो म्हणाला. आता त्याची भाषा पुस्तकातली राहिली नव्हती. "जंगलातल्या कोलामाच्या बायाईनं उचलून नेली तिले त्याईच्या वस्तीवर, पोडावर. बरी झाली. त्याईच्या संगं ज्वारी सोंगली, मोहा वेचला, त्याईची बोली शिकली. अन् पुढल्या साली तांडा आला न, तं वाट अडवून मधात उभी राह्यली, हातात काठी घेऊन. सासऱ्याचं पागोटं पाडलं पयले. नवऱ्याले म्हणे, मी पायी येत नसतो. पुढल्या बैलावरची गोण उतरव, अन् त्याच्यावर मले बसव. अन् बसली! आमच्या घरी आजूनही म्हणतेत, आडेची सून पायी येत नाही."

"हे लिहिलं काहून नाही मंग?" रुपीबाई कडाडली. "येवढी बाई मारून टाकली?"

डोंगरसिंगनं सरांकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहून तो हळूच म्हणाला, "'वेचणी'त वाचलं होतं. 'जिचा शेवट डोळ्यांत पाणी आणत नाही, ती कादंबरी म्हणजे मीठ नसलेलं वरण.' मी कापून भिंतीले लावलं होतं ते वाक्य."

सरांना ते वाक्य आठवलं. चांगलंच आठवलं. ते लिहिलं त्या दिवशी त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं होतं. आता ते वाक्य बोरी अरबच्या एका भिंतीवर चिकटून बसलं होतं, आणि त्याच्यापायी एक जितीजागती बाई झाडाखाली मेली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

सगळा तांडा त्यांच्याकडे पाहत होता. "म्हंजे तुमीच मारली का तिले?" रुपीबाईनं विचारलं.

"मीच," सर म्हणाले, आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही बाहेर आलं. "गुरुजी, मी तुमचं पुस्तक वाचलंच नाही. दुसऱ्या मताले दिलं म्हटलं ते खोटं. उघडून पाह्यलंही नाही. चित्र पाहून पोचेत टाकलं. तुमाले हो म्हणाचा का नाही म्हणाचा, मले अधिकारच नाही."

"मालूम हाय," डोंगरसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "शेवटची पानं नाहीत हे तुमाले मालूम नव्हतं. अय्यूबभाईच्या घरीच समजलो."

"मंग येथवर कायले आले माह्या मागं?"

डोंगरसिंगनं टोपी परत डोक्यावर घातली. "सर, बोरीत कोनी वाचत नाही. शाळेतले मास्तर म्हणतेत, छान हाय, अन् कपाटात ठेवतेत. लिहिनाऱ्यानं कोनाले तं विचारावं न?"

इतकी वर्षं ते पुस्तकं तोलत आले होते, पण लिहिणारा माणूस इतका एकटा असतो हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मंग आमाले विचार," रुपीबाई म्हणाली. जणू यात अवघड असं काही नव्हतंच. "या सरले नोको विचारू, हे मानसं मारते. आमाले विचार. अर्धं झालं म्हनतं न ते दुसरं? त्याच्यात कोन हाय?"

"एक... एक म्हातारी हाय. तिले गाव सोडाचं नाही."

"मरते का?"

"आजून नाही."

"नोको मारू. पुढल्या ऐतवारी घेऊन ये. अर्धं त अर्धं."

"सगळीच पानं आणजो, भाऊ," अय्यूब मागून म्हणाला. "नाही तं अम्मी मले घरात घेणार नाही."

डोंगरसिंगनं मान हलवली, एकदा, दोनदा, आणि मग खाटेवर बसून तो लहान पोरासारखा हसत राहिला. कागद चुलीत जाणार नव्हते, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

सर पोत्यावरून उठले आणि पुढं सरकून बायांच्या रांगेत, धुरपताच्या अगदी जवळ मांडी घालून बसले.

"बाई," ते म्हणाले, "पयल्या पानापासून वाचता का? मले ऐकाचं हाय."

धुरपतानं रुपीबाईकडे पाहिलं. रुपीबाईनं सुई पुन्हा हातात घेतली आणि मान डोलावली, तशी धुरपतानं पहिलं पान काढून सुरुवात केली.