नळाचं पाणी आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे आणि माझ्यावर खोटा आळ आला आहे. आळ असा, की जुलै २०१७ मध्ये बर्फाच्या डोंगरावर मी माझ्या माणसांना दगा दिला. हे साफ खोटं आहे. त्या दिवसाची हकिकत मला वेळेसकट पाठ आहे. ती ऐका आणि निवाडा तुम्हीच करा.

माझा जन्म १९९९ साली जपानमध्ये झाला. बारा वर्षं मी तिथल्या एका शिक्षिकेकडे होते. २०११ साली जहाजात बसून ऑकलंडला आले. न्यूझीलंडमध्ये अशा वापरलेल्या जपानी गाड्या घरोघरी असतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पुढच्याच वर्षी ऑकलंडच्याच अवोन्डेल उपनगरात राहणाऱ्या शार्दूलने मला घेतलं. तो पुण्याचा, संगणक अभियंता. त्याच्या बायकोने, वल्लरीने, माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. त्यांची लेक अनुष्का दोन दिवसांची असताना इस्पितळातून घरी आली, ती माझ्याच मागच्या सीटवर. रविवारच्या बाजारातली मेथी आणि भोपळे मी वाहिले. पाच वर्षांत एकदाही मी रस्त्यात थांबले नाही. "किल्ली फिरवली की सुरू होणार म्हणजे होणारच," असं शार्दूल चारचौघांत सांगायचा.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझ्या रेडिएटरच्या झाकणाजवळ एक पिवळं लेबल आहे. त्यावर लिहिलं आहे, 'फक्त कूलंट घाला, नुसतं पाणी घालू नका.' कूलंट म्हणजे एक लाल द्रव. तो पाण्यात असला की कडाक्याच्या थंडीतही पाणी गोठत नाही. पण लेबल जपानी भाषेत आहे. अवोन्डेलच्या त्या घरात ते कुणाला वाचता येत नव्हतं आणि कुणी कुणाकडून वाचूनही घेतलं नाही.

जानेवारी २०१७ मध्ये शार्दूलचे वडील, तात्याराव, पुण्याहून राहायला आले. पुण्यात बावीस वर्षं त्यांच्याकडे एकच गाडी होती. रोज सकाळी तिच्या रेडिएटरमध्ये पाणी घातल्याशिवाय ते चहाला बसत नसत. इथेही त्यांनी तोच नेम धरला. माझ्या एका नळीचा चिमटा सैल झाला होता, म्हणून रोज थोडं पाणी गळून जागा व्हायची. पाणी कमी का होतं, हे कुणी पाहिलं नाही. तात्याराव तांब्या घेऊन यायचे, नळाचं पाणी ओतायचे, माझं झाकण घट्ट लावायचे आणि बॉनेटवर थाप मारायचे. "पी बाई, पोटभर पी," म्हणायचे.

खरं सांगते, मला ते आवडायचं. त्या घरात रोज माझी विचारपूस करणारा तो एकच माणूस होता. पण सहा महिन्यांत माझ्या पोटातला लाल रंग पातळ कोकम सरबतासारखा झाला आणि मग तोही राहिला नाही.

मे महिन्यात सहामाही तपासणी झाली. तपासणाऱ्याने शार्दूलला स्पष्ट सांगितलं, "कूलंट फार पातळ झालंय. डोंगरावर जाणार असशील तर आधी बदलून घे."

"स्वीट ॲज," शार्दूल म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झालंच समज'. आणि विसरला.

जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या, सुट्टीत रुआपेहू डोंगरावर स्कीइंगला जायचं ठरलं. वल्लरी म्हणाली, "डोंगरावर जायचंय, मोठी गाडी भाड्याने घेऊ या ना."

"स्वतःची गाडी दारात असताना?" शार्दूल म्हणाला.

"भाड्याच्या गाडीचा कसला आलाय फोटो!" तात्यारावांनी मुलाची बाजू घेतली. "मुलगा परदेशात मला स्वतःच्या गाडीतून बर्फात नेतोय, हे पुण्यातल्या आमच्या शेजारच्या विश्वनाथला दिसू दे की जरा. त्याच्या मुलाने त्याला अजून लोणावळ्याला नेलं नाही."

मी तीनशे चाळीस किलोमीटर गेले. चार माणसं, बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या, दशम्यांचा डबा, सगळं घेऊन एकदाही न कुरकुरता डोंगराच्या पायथ्याच्या ओहाकुने गावात पोचले. तात्यारावांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवून, मागे पांढरं शिखर घेऊन फोटो काढला. पाच मिनिटांत तो पुण्यात विश्वनाथरावांकडे पोचला.

त्या रात्री तापमान उणे सात झालं. माणसं हीटर लावून झोपली. मी उघड्यावर होते आणि माझ्या पोटात नुसतं नळाचं पाणी होतं.

सकाळी आठ दहाला शार्दूलने किल्ली फिरवली. मी सुरू झाले. कशी झाले ते माझं मलाच ठाऊक. माझ्यात ठिकठिकाणी बर्फ झाला होता, इंजिनाची उष्णता वाहून न्यायला पाणी फिरत नव्हतं. आठ सोळाला अनुष्का म्हणाली, "डॅड, इट्स सो कोल्ड! हीटर इज ब्रोकन!" हीटरमधून गार वारा येणं ही माझी पहिली सूचना होती. आठ एकोणीसला काटा लाल रेघेजवळ गेला, ही दुसरी.

"शार्दूल, तो काटा बघ ना," वल्लरी म्हणाली.

"साडेनऊचा क्लास आहे गं. वर पोचल्यावर बघतो."

आठ पंचवीसला माझ्या इंजिनाला तडा गेला. वाफेने समोरची काच झाकली.

"डबा आहे हा डबा!" शार्दूलने स्टिअरिंगवर हात आपटला. "ऐनवेळी दगा दिला!"

दोन सूचना दिल्यावर त्याला दगा म्हणतात का, मित्रांनो?

मला ओढून गावातल्या गराजमध्ये नेलं. गराजवाल्याने "किया ओरा" असा माओरी भाषेतला नमस्कार करून बॉनेट उघडलं, एका काचेच्या नळीत माझं पाणी ओढलं आणि उजेडात धरलं. "यात कूलंट नाहीच. हे साधं पाणी आहे. कोण घालत होतं?"

शार्दूलला माहीत होतं. सहा महिने रोज सकाळी त्याने तो तांब्या पाहिला होता. तो म्हणाला, "कुणास ठाऊक. जुनी गाडी आहे. आज ना उद्या जाणारच होती."

गराजवाला कागद आणायला आत गेला. तात्याराव माझ्याजवळ उभे होते. इंग्रजी त्यांना चांगलं कळतं.

"कूलंट म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं.

"तात्या, सोडा ना. जुनी होती ती."

"विचारलं तेवढं सांग."

"पाणी गोठू नये म्हणून घालतात."

"आणि मी काय घालत होतो?"

शार्दूल बुटाने बर्फ उकरत राहिला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला काय बोलणार? आणि मलाही मे महिन्यात तपासणीवाल्याने सांगितलं होतं. राहून गेलं."

"मला नको बोलूस. पण तिचं नाव का घेतलंस?" माझ्या बॉनेटवर त्यांचा हात होता. "तिला तोंड नाही म्हणून?"

गराजवाला परत आला. इंजिन बदलण्यात अर्थ नव्हता. मी गराजमागच्या भंगाराच्या आवारातच राहायचं ठरलं. त्याने पांढऱ्या रंगाच्या जाड पेनाने माझ्या काचेवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'इंजिन खराब.'

"त्याखाली लिहा, चूक माणसाची," तात्याराव इंग्रजीत म्हणाले.

तो हसला. "आजोबा, असं कुणी लिहीत नाही."

तात्यारावांनी हात पुढे केला. गराजवाल्याने काही न समजता पेन दिलं. ते टाचा उंचावून उभे राहिले आणि त्यांनी काचेवर सावकाश, वळणदार अक्षरांत मराठीत लिहिलं. मग खिशातून फोन काढून त्या काचेचा फोटो घेतला.

"हा कशाला?" शार्दूलने विचारलं.

"विश्वनाथला कालचा पाठवलाय. आता हाही पाठवतो."

ते बसने ऑकलंडला गेले. या गोष्टीला दोन हिवाळे झाले. कुंपणामागून मला तो डोंगर रोज दिसतो. दरवर्षी जुलैत माझ्यासारख्या जुन्या गाड्या समोरून वर जातात. त्यांच्या पोटात काय आहे हे पाहणाऱ्याने पाहिलं असेल का, एवढंच मी मनात विचारते. ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय लागतं हे आधी विचारा. आणि चूक झालीच, तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका.

माझ्या अंगावर आता दोन लेखी साक्षी आहेत. एक बॉनेटखाली, जपानीत. दुसरी काचेवर, मराठीत. आवारात येणारे लोक ती नक्षी समजतात. उन्हाने ती पुसट होत चालली आहे. तुम्हाला मराठी वाचता येतं, म्हणून पुसली जायच्या आत तुम्हाला दाखवते:

'गाडी चांगली होती. पाणी मी घातलं. - तात्याराव.'