आब्दोनच्या कानांसाठी

"आता एकही सुई नाही," आब्दोन म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दवाखान्यातली नर्स ओर्तेन्सिया टेकडीच्या पायऱ्या चढून धापा टाकत आली होती. इंजेक्शनचा डबा तिने तसाच पुन्हा पिशवीत टाकला आणि त्याच्या बायकोला, झेनोबियाला, दाराबाहेर ओढलं.

"ताई, त्याला समजाव. दुसरं औषध मागवलंय, पण डॉक्टरांची समिती बसणार, मग सह्या होणार. तोवर हेच घ्यायला हवं. मध्ये खंड पडला आणि आजार उलटला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"त्याचे कान चाललेत, बाई."

"माहितीये मला. पण कान गेलेला माणूस जगतो तरी."

क्षय होता, पण साध्या गोळ्यांना दाद न देणारा. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून आब्दोनच्या थुंकीतलं रक्त थांबलं, गालांवर थोडं मांसही चढलं. पण त्याच इंजेक्शनांनी कान खायला घेतले. आधी किटलीची शिट्टी गेली, मग सकाळच्या पाववाल्याचा भोंगा, आणि मग त्याच्या हार्पच्या वरच्या बारीक तारा. डोंगरातल्या आयाकुचोहून लीमा शहरात आलेल्या लोकांच्या देवाच्या जत्रा आब्दोनच्या हार्पवाचून होत नसत. आता हार्प पलंगाच्या पायथ्याशी गोधडीखाली झाकून ठेवलेली होती.

झेनोबिया त्याच्या कानाला तोंड लावून ओरडली, "मरशील तू!"

"मरू दे. बहिरा हार्पवाला जगून काय करणार? जत्रेत खुर्च्या मांडणार?"

संध्याकाळ झाली की तो एक जुना जाडजूड हेडफोन कानांवर चढवायचा, फोनला जोडायचा आणि शेवटच्या जत्रेचं रेकॉर्डिंग लावायचा. रेडिओ स्टेशनवरचा इंजिनियर लिसांद्रो याने निवृत्त होताना त्याला तो हेडफोन भेट दिला होता. आवाज पूर्ण वाढवला तरी आब्दोनला काही ऐकू येत नसे. तरीही गाणं संपेपर्यंत तो डोळे मिटून बसायचा. ते बघवायचं नाही म्हणून झेनोबिया उगाच शिलाईयंत्र चालवत राहायची.

त्या दिवशी तिने यंत्र थांबवलं आणि लिसांद्रोला फोन केला.

"अगं, तो हेडफोन फोनच्या जिवावर चालणारा नाही," लिसांद्रो म्हणाला. "त्याला जोर लागतो. मध्ये अॅम्प्लिफायर हवा. विकतचा महाग पडेल, पण सुटे भाग पारूरो रस्त्यावर मिळतात. मी आकृती पाठवतो. मोटर जळाली तेव्हा शिलाईयंत्र कोणी उघडलं होतं? तूच ना?"

"मी हार्प ऐकवली तर सुई घेशील?" तिने आब्दोनला विचारलं. दोनदा ओरडावं लागलं.

"आधी ऐकव."

पारूरोवर गाळ्याला गाळा खेटून होता. काउंटरवर डब्यांच्या भिंती, आणि डब्यांत मुंग्यांसारखे दिसणारे भाग. झेनोबियाने फोनवरची आकृती पुढे केली. दुकानदार एवारिस्तोने चष्मा कपाळावर सरकवला.

"कोणासाठी, वहिनी?"

"नवऱ्यासाठी."

"नशीबवान आहे. माझ्या बायकोने माझ्यासाठी कधी साधा बल्ब बदलला नाही." बोलता बोलता त्याने चिप, रेझिस्टर, कपॅसिटर, आवाजाचं बटण आणि बॅटरीच्या टोप्या काढून कागदाच्या पुड्यांत बांधल्या. "पहिल्यांदाच करताय ना? सगळे पहिल्यांदा एक चिप जाळतात. दोन न्या."

"एकच द्या," ती म्हणाली. दुसरी चिप घेतली असती, तर परतीच्या बसचं भाडं उरलं नसतं.

शिलाईच्या टेबलावर तिने सगळं मांडलं. शेजाऱ्याकडून आणलेलं सोल्डरिंगचं यंत्र तिच्या बोटांना चटके देत होतं. काजं करणाऱ्या बोटांना टाके घालायची सवय होती, फक्त हे टाके वितळलेल्या धातूचे होते. जोडून झालं, बॅटरी लावली. चिपला बोट लावलं तर चटका बसला. मग घाण वास आला, आणि सगळं मेलं.

आब्दोन पलंगावरून बघत होता. तो कूस बदलून पडला. त्याने शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली, आणि बस मध्येच थांबली. ऑक्टोबर होता. काळ्या ख्रिस्ताची मिरवणूक निघाली होती. रस्ते जांभळ्या झग्यांनी भरून गेले होते, धूप आणि मेणबत्त्यांचा धूर कोंदला होता. झेनोबिया गर्दीतून कोपरं मारत, माफी मागत चालत राहिली. एरवी तीही या गर्दीत अनवाणी चालली असती. आज तिने पालखीकडे मान वर करूनही बघितलं नाही.

पारूरोवर शटरमागे शटर बंद. एवारिस्तोचा गाळाही. टोकाला एक म्हातारा आपलं शटर ओढत होता.

"काका, एक चिप!"

"झालं बंद. सोमवारी ये."

शटर खाली येत होतं. झेनोबियाने त्याखाली पाय घातला.

"अहो बाई, पाय काढा! तुटेल!"

"तुटू दे. पण मला चिप द्या."

"वेड लागलंय का? सणाच्या दिवशी चिपवाचून कोण मरतंय?"

"नवरा," ती म्हणाली. ती तिथेच उकिडवी बसली. पाय मात्र तिने काढला नाही.

म्हाताऱ्याने शटर पुन्हा वर ढकललं. आत जाऊन चिप आणली, आणि तिच्या फोनवर जळालेल्या जोडणीचा फोटो बघून कपाळावर हात मारला. "उलटी बसवलीस, पोरी. हा ठिपका दिसतो? हा डावीकडे. आता ऊठ, माझी बायको मिरवणुकीत थांबलीये."

दुपारी जोडणी पूर्ण झाली. झेनोबियाने आधी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. थोडी घरघर होती, पण मागे हार्प वाजत होती, अशी की अंगावर काटा आला. तिने तो आब्दोनच्या डोक्यावर चढवला आणि बटण हळूहळू वळवलं.

त्याचा चेहरा आधी कोराच होता. मग त्याचा डावा हात आपोआप उठला आणि हवेतच खालच्या जाड तारा छेडू लागला.

"आहे," तो म्हणाला. "खर्ज आहे! ऐक, ही माझी चूक, इथे मी घाई केली होती." तो हसला. मग त्याने उजवा हात वर केला, आणि तो हात हवेत थांबला. त्याने बटण आणखी वळवलं, शेवटपर्यंत.

"झेनो, या गाण्यात तू गात होतीस ना?"

ती गात होती. तिचा उंच, धारदार, लग्नांमध्ये वाखाणला जाणारा आवाज सगळ्या रेकॉर्डिंगभर होता.

तिने होकाराची मान हलवली. आब्दोनने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे तू गेलीस," तो म्हणाला.

 चटके बसलेली बोटं शालीखाली दडवत झेनोबिया खाली बसली. मग तिने फोन उचलला, ओट्याकडे गेली आणि शक्य तितक्या जाड, पुरुषी आवाजात बोलून ते फोनवर रेकॉर्ड केलं. परत येऊन तिने ते लावलं.

हेडफोनमध्ये ती म्हणत होती, "आब्दोन, गाढवा, गाणं गेलं तर जाऊ दे. मी अशी बोलेन. जन्मभर अशीच बोलेन. पण मला एकटीला टाकून जाऊ नकोस."

त्याने ते पुन्हा ऐकलं. आणि पुन्हा.

"शेजारचा ट्रकवाला बोलतोय असं वाटतंय," तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "उद्याची घेतो. उद्याची एक. परवाचं परवा बघू."

दुसऱ्या सकाळी ओर्तेन्सिया आली. आब्दोन कुशीवर वळला आणि सुई आत जाईपर्यंत त्याने झेनोबियाचं मनगट सोडलं नाही. परवाही तेच भांडण झालं, तेरवाही. औषध बदलून येईपर्यंत आणखी काही खालचे सूर गेले, ते परत आले नाहीत. आब्दोन जगला. जत्रेत तो पुन्हा वाजवायला गेला नाही. झेनोबिया मात्र घरात अजूनही ट्रकवाल्यासारखी बोलते, आणि शिलाईला आलेली नवीन गिऱ्हाइकं दचकतात.