बहिणीसमोर काढायचं नाही ते दुखणं

तोआफा गावचा वक्ता होता. गावसभेच्या घरात त्याचा खांब ठरलेला, बापामागून त्याच्याकडे आलेला. त्या खांबाला पाठ लावून चटईवर तासन्‌तास मांडी घालून बसायचं आणि पाळी आली की गावाची अब्रू शब्दांनी राखायची, हे त्याचं काम. पाय पसरणं म्हणजे अपमान. मधेच उठून जाणं म्हणजे त्याहून मोठा. गेल्या वर्षी तोआफा दोनदा उठून गेला. गावाने शिष्टाचार म्हणून ते पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

मूळव्याध, आणि तीही शेवटच्या पायरीची. बाहेर आलेले कोंब आत जायचं नाव घेत नव्हते. रबराच्या कड्या बांधून झाल्या होत्या, तरी रक्त थांबेना आणि चेहरा पांढरा पडत चाललेला. आता शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नव्हतं. त्यांच्या सवाईई बेटावर ती करणारी डॉक्टर एकच, मोएलांगी. त्याच्या आत्याची मुलगी, म्हणजे बहीणच. आणि तिथल्या रीतीप्रमाणे वयात आलेल्या भावाने बहिणीसमोर कमरेखालचा शब्दही काढायचा नाही, दाखवण्याची तर बातच सोडा.

म्हणून दवाखान्यात दोघांच्या मधे त्याची बायको लोसा बसली होती.

"वहिनी, दादाला सांगा, दोन मार्ग आहेत," मोएलांगी खिडकीबाहेरच्या नारळाला म्हणाली.

"अहो, दोन मार्ग आहेत."

तोआफा एका कुल्ल्यावर रेलून, नवऱ्याला शोभेल इतपत लक्ष देत होता.

"एक यंत्राचा. आतला भाग वर ओढून टाचतात. दुखतं कमी, पण कोंब पुन्हा यायची भीती जास्त. शिवाय ते यंत्र इथे नाही. दुसरा, कापून काढायचे. एवढ्या वाढलेल्याला मला तोच बरा वाटतो. पण पुढचे काही आठवडे शौचाला बसलं की काचा बाहेर पडतायत असं वाटेल."

"काचा," लोसा म्हणाली. बाकीचं तिने गाळलं.

"नंतर रक्त जाऊ शकतं, घरी गेल्यावरसुद्धा. लघवी अडू शकते. जखम भरताना वाट आकसू शकते. आणि क्वचित कुणाला वारा धरता येत नाही."

"वाऱ्यावर ताबा राहत नाही म्हणतायत," लोसा नवऱ्याला म्हणाली. "सभेतल्यांना फरक कळेल असं वाटत नाही."

मोएलांगीचे खांदे हलले. आवाज नाही, नुसते खांदे.

ते हलणं तोआफाने ओळखलं. लहानपणी ओहोटीला खडकांवर पालथं पडून दोघं अष्टपाद धरायची. अष्टपाद पळेल म्हणून ती अशीच आवाज न करता हसायची. एकदा तोआफा काटेरी समुद्री साळूवरच बसला. पोरीने त्याला वाळूत उपडा पाडला आणि कुल्ल्यातले काटे एकेक करून काढले, वर लिंबूही पिळलं. पुढे ती वयात आली तशी तिची झोपायची चटई आजीने आत्याच्या घरी हलवली. तेव्हापासून तिला मान मिळाला: पकडलेल्यातला पहिला मासा तिला, लग्नात सर्वांत बारीक विणीची चटई तिला. एवढा सगळा मान, पण त्यानंतर एकही थट्टा नाही.

"दादाला अवघड वाटत असेल, तर पलीकडच्या बेटावर अपियाला दुसरे डॉक्टर आहेत," मोएलांगी नारळाला म्हणाली. "मी चिठ्ठी देते. पण एवढं रक्त जात असताना बोटीची दगदग नको."

लोसाने तोंड उघडलं. तोआफाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मोए," तो म्हणाला. "साळूचे काटे काढलेस तेव्हा मला फार दुखलं होतं का गं?"

मोएलांगीने मान वळवली, आणि कितीतरी वर्षांनी भावाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"सगळा किनारा गोळा केला होतास बोंबलून."

"तूच काढ."

"महिना-दीड महिना मांडी घालता येणार नाही, दादा. गावप्रमुखाला पदवी देण्याच्या मोठ्या सोहळ्याला तुझा खांब रिकामा राहील. लोक विचारतील."

"विचारू देत. खांब काय पळून जातोय?"

"आणि काय सांगशील?"

"मूळव्याध," तोआफा म्हणाला. बहिणीसमोर तो शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता. छत कोसळलं नाही.

मोएलांगीने हातमोजे ओढले.

"वहिनी, तेवढा पडदा सारा. आणि तू, दादा, डाव्या कुशीवर हो."