खिडकीकडचे टोक आणि दाराकडचे टोक

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो, आणि मला कान आहेत यावर तुमचा विश्वास बसला नाही तरी माझे काही अडत नाही. मी विद्यापीठातल्या सामाजिक शास्त्रांच्या विभागात, वाचनकक्षात राहतो. चांगला लांबलचक आहे. माझे एक टोक खिडकीला लागलेले, दुसरे दारापाशी. माणसांचे चेहरे माझ्या नीट लक्षात राहत नाहीत, पण हातांची कोपरे मी बरोबर ओळखतो. अभ्यास झालेल्याचे कोपर सैल असते. न झालेल्याचे माझ्यात रुतते.

मला चौकश्या फार. माझ्यावर पुस्तके उघडी, पालथी पडतात, तेवढी दोन पाने मला वाचायला मिळतात. त्यामुळे मला प्रत्येक विषयाचे मधलेच काहीतरी येते. समाज कसा बनतो हे मला अर्धे ठाऊक आहे आणि राज्य का कोसळते याचे फक्त तिसरे कारण. पहिली दोन कारणे कोणती, या विचाराने मी कितीतरी सुट्ट्या काढल्या आहेत.

मला घडवले ते एका बडबड्या सुताराने. रंधा मारताना तो माझ्याशी बोलत असे, म्हणून मला ऐकायची गोडी लागली असावी. पॉलिश झाल्यावर त्याने माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "जा बाबा, शिकलेल्या माणसांत जा. मी काही गेलो नाही." मला जिन्यावरून वर नेताना हमालांची भंबेरी उडाली. दारात मी असा काही अडकलो की विभागप्रमुखांना तासभर बाहेरच उभे राहावे लागले. शेवटी आत आलो, उभा राहिलो आणि दाराकडच्या बाजूला डुगडुगू लागलो. लोक म्हणतात माझा एक पाय आखूड आहे. माझा पाय ठीक आहे. फरशी वाकडी आहे.

सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. ग्रंथालयातल्या मावशी रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. पाहुणे आले की विभागप्रमुख माझ्यावर थाप मारून म्हणत, "बघा, एकसंध लाकूड!" अंगावर मूठभर मांस चढायचे. मग मावशी निवृत्त झाल्या, नवी टेबले शेजारच्या खोलीत आली आणि माझ्याकडे कुणी बघेना. कुणी कर्कटकाने माझ्यावर बदाम कोरला. खालच्या बाजूला च्युइंगगम चिकटवणाऱ्यांची तर पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. चहाच्या कपांची वर्तुळे मोजायची मी सोडून दिली. वाईट वाटायचे, पण माणसे येत होती, बोलत होती, आणि मला तेवढे पुरत होते.

अशात ती आली. पहिल्या वर्षाची, नवीकोरी, दाराकडच्या टोकाला बसणारी. बसल्याबरोबर तिने माझ्यावर एक मोठा कागद पसरला आणि रंगीत पेनांचा डबा उघडला. हिरवा रंग समाजशास्त्राला, पिवळा अर्थशास्त्राला, निळा राज्यशास्त्राला. पहाटेपासून झोपेपर्यंतचा सगळा दिवस चौकोनांत बसवला. विश्रांतीचाही चौकोन होता, गुलाबी आणि अगदी चिमुकला. इतके देखणे वेळापत्रक माझ्यावर याआधी कुणी केले नव्हते. दोनच दिवसांत वरच्या वर्गातल्या मुलांनी तिचे नाव टाइमटेबल पाडले. ते तिला माहीत नव्हते, मला होते.

टाइमटेबल मेहनती होती. वाचायला दिलेला प्रत्येक लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचायची. अडलेला शब्द शब्दकोशात बघायची, त्या अर्थातला शब्द अडला की पुन्हा शब्दकोश. हिरवा चौकोन संपायचा, लेख संपायचा नाही. मग तो पिवळ्यात घुसायचा, पिवळा निळ्यात, आणि आठवड्याच्या शेवटी सगळे रंग एकमेकांच्या अंगावर पडलेले असत. त्यावर तिचा उपाय एकच. नवे वेळापत्रक! ते आधीच्याहून सुंदर असे आणि ते करण्यात अख्खी दुपार जाई.

दुपारी सगळे जेवायला गेले की तिच्या आईचा फोन यायचा. खोली रिकामी असल्याने मला दोन्ही बाजू ऐकू येत.

"जेवलीस का?"

"जेवते गं. एवढं संपवते आणि जाते."

"रोज हेच सांगतेस. हे बघ, मामा विचारत होता. या महिन्याच्या अखेरपर्यंत शाखा बदलता येते म्हणे. वाणिज्य घे, इथल्याच कॉलेजात ये. त्याच्या हिशेबांच्या ऑफिसात तुझ्यासाठी खुर्ची ठेवलीय त्याने."

"आई, पण मला हेच शिकायचंय."

"मग शीक की. मी कुठे नको म्हणतेय? पण तुझा आवाज ऐकते ना मी रोज. तुला झेपत नसेल तर सांग, त्यात लाज कसली?"

तिने पुढ्यातला लेख बाजूला सारला. मग म्हणाली, "पहिला प्रकल्प पास झाला तर राहीन. नाही झाला तर येईन." तिचे कोपर माझ्यात इतके रुतले की मलाच दुखले. मला ती मुलगी आवडू लागली होती. तिने जावे असे मला अजिबात वाटत नव्हते.

तो पहिला प्रकल्प समाजशास्त्राच्या मॅडमनी दिला होता. रोजच्या पाहण्यातली एक जागा निवडायची आणि तिथे माणसे कशी वागतात, का वागतात, ते लिहायचे. कुणी बसथांबा घेतला, कुणी कँटीन. आणि टाइमटेबलने काय निवडले असेल? मला! मित्रांनो, ते ऐकून मी जागच्या जागी डुगडुगलो. इतकी वर्षे लोक माझ्यावर अभ्यास करत आले, माझा अभ्यास करणारी ही पहिलीच.

तिने पाहिलेही बारकाईने. वरच्या वर्गातली मुले नेहमी खिडकीकडे बसतात. पहिल्या वर्षाची मुले दाराकडे दाटीवाटीने बसतात. मधल्या खुर्च्यांवर कुणीच बसत नाही, त्यांच्यावर वरच्या वर्गाच्या बॅगा असतात, शेतात बांध घालावा तशा ओळीने. असा कुठे नियम लिहिलेला नाही, तरी कुणी तो मोडत नाही. हे सगळे खरे होते. मग तिने दोन जाड पुस्तके काढली आणि कारण लिहिले. मोठी मुले खिडकी, उजेड आणि वारा यांवर कब्जा करून आहेत. बॅगा ही त्यांनी आखलेली सीमा आहे आणि नव्यांना दूर ठेवणे हा तिचा हेतू आहे. सत्ता हा शब्द तिने इतक्यांदा लिहिला की माझ्यावर त्याचा ठसा उमटला.

आठवड्याने मॅडम तो प्रकल्प घेऊन वाचनकक्षातच आल्या आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"निरीक्षण छान आहे तुझं. पण बॅगा दूर ठेवण्यासाठी ठेवतात, हे तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे... दिसतंच ना मॅडम."

"बॅगा दिसतात. हेतू कसा दिसला?"

टाइमटेबल जाड पुस्तक उघडून पाने उलटू लागली.

"त्यांना विचारलंस का?"

"नाही. ते आमच्याशी बोलत नाहीत."

"बरं. आणि तू बोललीस कधी?"

टाइमटेबलने पुस्तक मिटले. मॅडम उठल्या. "मी हे असं पास करू शकत नाही. पुन्हा लिही. महिनाअखेरच्या आधी आपला एक तास आहे, त्यात वाचून दाखव."

त्या गेल्यावर तिने सवयीने कोरा कागद घेतला आणि नवे वेळापत्रक मांडले. या खेपेला त्यात एक जांभळा चौकोन होता आणि त्यात लिहिले होते, विचारणे. सोमवारी जांभळा चौकोन आला आणि गेला. तिने तो मंगळवारात ढकलला. मंगळवारी तिला एकाएकी पेन्सिलींना टोके करायची आठवण झाली. बुधवारी ती पाणी प्यायला गेली ती तास संपल्यावर परतली. खिडकीकडे ज्याला सगळे नवे टरकून असत तो दाढीवाला बसायचा. त्याच्या शेजारी जाड भिंगांची चष्मेवाली आणि कायम कपाळाला आठ्या घातलेला एक मुलगा. माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला काही वेळ लागत नाही. पण तिला ते गाव ओलांडण्याइतके लांब वाटत होते, हे तिने सारखी मागे-पुढे ओढलेल्या खुर्चीवरून मला कळत होते.

माझी उत्सुकता शिगेला पोचली होती. ते तिथेच का बसतात, हे मलाही ठाऊक नव्हते. मला वाटायचे, माझी खिडकीकडची बाजू डुगडुगत नाही म्हणून. पण मलाही कुणी कधी सांगितले नव्हते.

गुरुवारी तिने दोन्ही तळहात माझ्यावर टेकले, जोर दिला आणि उठली. बॅगांच्या ओळीशेजारून चालत गेली.

"दादा, तुम्ही रोज इथेच का बसता?"

दाढीवाल्याने कानातले इअरफोन काढले आणि तो धडपडत उभा राहिला. "तुला बसायचंय का? बस ना, बस."

"नाही, नाही. प्रकल्पासाठी विचारतेय."

"असं होय! अगं, माझा लॅपटॉप म्हातारा झालाय. वायर लावल्याशिवाय चालतच नाही आणि प्लग फक्त या खिडकीखाली आहे."

"आणि या बॅगा?"

चष्मेवाली म्हणाली, "त्याचं काय आहे, तुम्ही सगळे तिकडे जाऊन बसता. आम्हाला वाटलं, आमची बडबड नको असेल तुम्हाला. मधे जागा रिकामीच असते, म्हणून बॅगा ठेवतो."

"आम्हाला वाटायचं, इकडे येऊ नका म्हणून ठेवता."

"अगं बाई!" चष्मेवाली मोठ्याने हसली. "आम्ही पण पहिल्या वर्षी दाराशीच बसायचो. काही कळलं नाही तर पटकन सटकता यावं म्हणून."

"मी पण त्याचसाठी बसते," टाइमटेबल म्हणाली, आणि मग तीही हसली.

आठ्यावाला मात्र हसला नाही. "खरं लिहिणार असशील तर माझंही लिही. मला नवीन मुलं इथे नको असतात. सारखे प्रश्न विचारतात."

"लिहिते," ती म्हणाली. आणि लगेच तिने विचारले, "दादा, तुम्ही ते सगळे लेख पुरे कसे करता?"

आठ्यावाल्याने कपाळावर हात मारला. दाढीवाला म्हणाला, "सगळं कोण वाचतं? आधी सुरुवात आणि शेवट वाच. लिहिणारा कुणाशी भांडतोय ते शोध. ते सापडलं की मधलं भराभर होतं." चष्मेवालीने सांगितले, की ती आणि तिच्या वर्गातल्या तीन मैत्रिणी लेख वाटून घेतात आणि एकमेकींना समजावून सांगतात; समजावताना जिथे घोडे अडते तेवढेच पुन्हा वाचतात. मित्रांनो, माझ्यावर इतक्या जणांनी माना मोडून अभ्यास केला, पण ही युक्ती दाराकडच्या टोकापर्यंत कधी पोचलीच नव्हती. अंतर तर तुम्हाला माहीतच आहे.

त्या आठवड्यात वर्गाला रंग लावत होते, म्हणून मॅडमनी तो तास माझ्याभोवतीच घेतला. वरच्या वर्गातली मुलेही ऐकायला थांबली. टाइमटेबल उभी राहून वाचू लागली. दोन्ही टोके एकमेकांबद्दल काय समजून बसली होती हे आले तेव्हा दोन्हीकडून हशा उठला. आठ्यावाल्याचे म्हणणे तिने जसेच्या तसे वाचले, आणि तोच आधी टाळ्या वाजवू लागला. तिचा पहिला निष्कर्ष अगदीच चुकला नव्हता, पण एका माणसापुरताच खरा होता, असेही तिने लिहिले होते.

मॅडम म्हणाल्या, "शेवट अजून कच्चा आहे. गुण बेताचेच देतेय. पण पास आहेस." मला हुश्श झाले. मला उसासा टाकता येत असता तर सगळे कागद उडाले असते.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी सगळे आले आणि कुणीच बसेना! आपण कुठे आणि का बसतो हे आता जगजाहीर झाले होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना दाराशी बसायची लाज वाटू लागली, मोठ्यांना खिडकीशी बसायची. दाढीवाला वायर हातात घेऊन उभा. "आधी तू बस." "छे, छे, तुम्ही बसा." बॅगा तर कुणी जमिनीवर ठेवायला तयार नाही, कुणी खुर्चीवर. इतकी माणसे उभी आणि मी रिकामा, असे माझ्या आयुष्यात कधी घडले नव्हते.

तेवढ्यात टाइमटेबलचा फोन वाजला. शाखा बदलायचा तो शेवटचा दिवस होता. ती सगळ्यांच्या मध्येच उभी होती आणि बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून तिने तिथेच बोलायला सुरुवात केली.

"हो आई, पास झाले. नाही गं, फार चांगले नाहीत गुण. बेताचेच." मग पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणे चालले. सगळी खोली उगाच पुस्तके चाळल्यासारखे करत ऐकत होती, मीही. शेवटी ती म्हणाली, "मामाला सांग, त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला तरी बसव. मला अजून पुष्कळ विचारायचंय इथे."

फोन ठेवून तिने मधली खुर्ची ओढली आणि बसली. मग बाकीचे बसले, जमेल तसे, जिथे जागा मिळेल तिथे. आठ्यावाल्याच्या शेजारी पहिल्या वर्षाची तीन मुले आली आणि त्याने मोठा सुस्कारा सोडून पुस्तक मिटले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या माझ्यासारख्या एखाद्या टेबलाशी येऊन बसतील. बसा. माझ्यावर कोरू नका, खाली काही चिकटवू नका, आणि अधूनमधून एखादे ओले फडके फिरवा, म्हातारपणी बरे वाटते. वेळापत्रकही करा, रंगीत करा, माझी काही हरकत नाही. पण कुणाला तरी जाऊन विचारायची वेळ त्यात लिहाल, तेव्हा ती पुढे ढकलू नका. उठणे फार जड जाते, हे मी अगदी जवळून पाहिले आहे. तुमचे दोन्ही हात माझ्यावर टेका, सगळा भार द्या, आणि उठा.