पात्यातलं झेंडूचं फूल

परदेशात, पासिर रिसच्या मुलाच्या फ्लॅटमागच्या झाडीतून सकाळी एक रानडुक्कर निघालं आणि पायवाट ओलांडून गेलं. खिडकीशी उभ्या दीनानाथांच्या हातातला चहा तसाच निवला.

"बाबा, ती काही करत नाहीत," मुलगा अमेय म्हणाला. "लांबून बघायचं, बस्स."

दीनानाथांनी निवलेला चहा खिडकीत ठेवला. त्यांच्या वडिलांना, आबांना, डुकरानंच फाडलं होतं. आबांकडे संस्थानच्या शिकारखान्यातली, खास डुकरासाठी घडवलेली विलायती तलवार होती. ती मुठीपर्यंत जनावरात रुतलेली सापडली, तरी गाव म्हणत राहिलं, वार हलका पडला, गडी कचरला. ते ऐकत दीनानाथ मान खाली घालून वाढले आणि पुस्तकांत तोंड खुपसून म्हातारे झाले.

काल शेजारच्या टॅम्पिनीसच्या लायब्ररीत त्यांना तसल्या तलवारीचं चित्र सापडलं. टोकाजवळच्या भोकात आडवी लोखंडी खीळ. भोसकलेलं डुक्कर पात्यावरून पुढे रेटत माणसापर्यंत येतं, त्याला ती खीळ अडवते. घरच्या तलवारीला भोक होतं, खीळ नव्हती. म्हणजे डुक्करच रेटत मुठीपर्यंत आलं होतं, आबा कचरले नव्हते. आपल्यालाच चुकीचं कळलं असेल, म्हणून त्यांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

आज खंडेनवमी. त्यांनी गडहिंग्लजला थोरल्या बहिणीला, सुलभाक्काला, व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे पाटावर पूजेला मांडलेली विळी, कोयता, नातसुनेचा लॅपटॉप, आणि मधोमध ती तलवार. भोकात झेंडूचं फूल.

"आक्का, त्या भोकाचं पुस्तकात मिळालं."

"गोवऱ्या मसणात गेल्या तरी तुझं पुस्तक सुटेना. सांग."

"त्यात पूर्वी काही असायचं का गं?"

"असायची की, आडवी खीळ. खंडेनवमीला मीच उपसायचे, फूल बसावं म्हणून. दसरा झाला की आबा परत ठोकायचे. त्या दसऱ्याला पहाटेच डुक्कर उसात शिरलं, तर फुलासकट तलवार घेऊन धावले. खीळ माझ्या परकराच्या ओच्यातच राहिली बघ."

दीनानाथांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

"काय म्हणतंय पुस्तक?"

"भोक फुलासाठीच असतं म्हणतंय."

"मग, मी काय सांगते." आक्काचा आवाज बारीक झाला. "दिना, आबांचा वार खरंच हलका पडला असेल का रे?"

खिडकीखाली सकाळच्या डुकरानं उकरलेली माती अजून ओली होती.

"पडला असेल," पुस्तकातलं ते पान आठवत दीनानाथ म्हणाले.

आक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि तलवारीला हळदकुंकू वाहिलं.