गवताची बिजागरी

मेंढीचा पाय मोडला आणि त्याच दिवशी विल्फ हेस्लपचा त्या कुरणावरचा पाय तुटला. मेंढी गाभण होती. ऑड्री डॉडच्या ओढ्याकाठच्या कुरणात कुणीतरी खणलेला खड्डा उघडा राहिला होता, त्यात ती अडकली आणि तिला तिथंच संपवावं लागलं. खड्डा खणला होता क्लाइव्ह प्राउडलॉकनं. नाव लागलं विल्फचं.

रोमन भिंतीच्या त्या मुलखात, जमिनीतली जुनी नाणी हुडकत धातू शोधायचं यंत्र घेऊन फिरायला मोकळी जागा म्हणून नाही. भिंत सरकारी रक्षणातली, तिच्या पायथ्याचा खंदक रक्षणातला, छावण्यांचे उरलेसुरले पाये रक्षणातले. तिथं यंत्र घेऊन पाऊल टाकलं तरी कोर्ट दिसतं. उरली शेतं, आणि शेताला मालक असतो. मालकाच्या दारात टोपी काढून उभं राहायचं, सापडेल त्यातलं निम्मं तुझं म्हणायचं, खड्डा बुजवीन आणि फाटक लावीन असा शब्द द्यायचा, नव्या वर्षाला व्हिस्कीची बाटली पोचवायची. ऑड्रीचा नवरा जिवंत होता तेव्हापासून विल्फ हे करत आला होता. त्या कुरणाच्या फाटकाची किल्ली त्याच्या गळ्यात सुतळीला असायची. दगडखाणीतली नोकरी सुटली, गुडघे गेले, पण ती किल्ली होती तोवर माणूस सकाळी उठून बूट चढवत होता.

क्लाइव्हला तिथं नेलं त्यानंच. क्लाइव्ह गावात पर्यटकांना पितळेची शिरस्त्राणं विकायचा, गोड बोलायचा. विल्फनं त्याला यंत्राचा आवाज ओळखायला शिकवलं, गवत कापायला शिकवलं. तीन बाजूंनी कापायचं, घोड्याच्या नालेसारखं, चौथी बाजू जोडलेली ठेवायची. मग ते दारासारखं उघडायचं, खालचं काढायचं, दार लावून बुटानं दाबायचं. बिजागरी तोडायची नाही. क्लाइव्हला तेवढा धीर नव्हता. तो चारी बाजूंनी गोल चकती कापून झाकणासारखी उचलायचा. थंडीत, ओल्या मातीत, दोन्ही सारखंच दिसतं. ओसरी दिली तर पठ्ठ्यानं माजघरच बळकावलं. मेंढी मेली त्या दिवशी ऑड्रीकडे जाऊन तोंड पाडून म्हणाला, विल्फला हल्ली विसर पडतो, वय झालं बिचाऱ्याचं, मी सांगितलं म्हणू नकोस.

खड्डा आपला नाही हे विल्फ सांगायला गेला तेव्हा ऑड्री उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"विल्फ, मेंढी मेली. खड्डा कुणाचा ते तिला विचारू का?"

तिनं हात पुढे केला. विल्फनं गळ्यातली सुतळी काढून दिली. महिनाभरात तीच किल्ली क्लाइव्हच्या गाडीच्या आरशाला लटकताना दिसली. त्यानं पाटी लावली, पर्यटकांना भाड्यानं यंत्रं द्यायला लागला, आणि रोमन खजिना शोधायला म्हणून त्यांना कुरणात सोडायला लागला.

विल्फ दारोदार फिरला. पाद्र्याच्या माळाचं विचारलं तर त्याच्या खाली जुनी छावणी निघाली, म्हणजे तिथं बंदीच. टेकडीवरच्या शेतकऱ्यानं दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "मेंढीवाला तो तूच का?" खालच्या आळीतला म्हणाला, माझ्या गाईंचे पाय अजून शाबूत आहेत, तसेच राहू देत. बदनामी त्याच्या आधी चालत होती. गुत्त्यात क्लाइव्हनं सगळ्यांदेखत त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"ये रे म्हाताऱ्या. माझ्या टोळीत ये. यंत्र भाड्यानं देतो, पहिला तास फुकट."

लोक हसले. विल्फनं ग्लास तसाच ठेवला आणि घरी आला. बायकोला, नेटीला, म्हणाला की ह्या माणसाचं तोंड मी त्याच कुरणात काळं करीन. नेटी वाटाण्याचं घट्ट वरण पावावर थापत होती. ती म्हणाली, कर, पण आधी जेव.

कसं करायचं ते त्याला माहीत नव्हतं. ते उन्हाळ्यानं सांगितलं.

त्या वर्षी पाऊस गेला तो गेलाच. बागेला नळी लावायला बंदी आली, ओढ्याचे दगड उघडे पडले. कुरणाच्या वरच्या अंगानं सगळ्यांना खुली असलेली पायवाट जाते. त्या वाटेनं विल्फ एका दुपारी काठ्या टेकत जाणाऱ्या पर्यटकांमागून चालला होता आणि मध्येच थांबला. खालच्या हिरव्यात एका कोपऱ्यात तांबूस गोल डाग पडले होते. मुळं चारी बाजूंनी तुटलेलं गवत उन्हाला टिकत नाही. जे खड्डे क्लाइव्हनं बुजवले होते तेही एकेक करून वर येत होते.

तेवढं ऑड्रीला दाखवलं असतं तरी काम झालं असतं. नेटीनं तेच सांगितलं. विल्फ म्हणाला, अजून कच्चं आहे, पिकू दे.

मग तो रोज जायला लागला. थर्मास घेऊन वाटेवरच्या, कुंपण ओलांडायच्या पायरीवर बसायचा, वाट पुसणाऱ्या पर्यटकांना वाट सांगायचा आणि खाली बघायचा. डाग वाढत गेले. क्लाइव्हच्या पाहुण्यांना बटणं आणि बंदुकीच्या गोळ्यांखेरीज काही लागत नव्हतं, पैसे भरलेले लोक कुरकुरत होते, आणि क्लाइव्ह त्यांना रोज थोडं वर सरकवत होता. वर दगडी बांध होता, बांधापलीकडे रक्षणातला खंदक. विल्फला दिसत होतं हे कुठं चाललंय. एक हाक मारली असती तर खाली ऐकू गेली असती. त्यानं चहा ओतून घेतला. डाग बांधापर्यंत आले. मग बांधावरचे दोन दगड खाली पडलेले दिसले, आणि पुढच्या आठवड्यात खंदकाच्या उतारावर पहिली चकती वाळली. विल्फला त्या दिवशी भूक अशी लागली म्हणता.

रविवारी तो ऑड्रीच्या दारात गेला. टोपी काढली नाही. वर चल, म्हणाला, एवढं बघ आणि मग दार लाव. ती पुटपुटत आली. पायरीवर चढून तिनं खाली पाहिलं. तिचं कुरण देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखं दिसत होतं.

क्लाइव्ह पाहुण्यांना घेऊन खंदकातच होता. ऑड्री तरातरा खाली उतरली, मागून विल्फ, गुडघे सावरत. क्लाइव्हला घाम फुटला, पण जीभ अजून ओली होती. हे सगळं विल्फचं जुनं पाप आहे, म्हणाला, आता उन्हात उघडं पडलंय. पाहुण्यांत एक डच बाई होती. तिला वाटलं ह्यांना रीत जाणून घ्यायची आहे. तिनं हातातलं खुरपं फिरवून दाखवलं.

"हे आम्हीच केलंय. ह्यांनी शिकवलं, बिस्किटासारखं गोल कापायचं. खूप सोपं आहे."

ऑड्रीनं क्लाइव्हकडे पाहिलं. "आणि मेंढी, क्लाइव्ह? तीही बिस्किटातच अडकली का?"

ऑड्रीनं तिथूनच फोन लावला, भिंतीच्या राखणदारांना. मग हात पुढे केला. क्लाइव्ह गाडीपर्यंत गेला, आरशाला लटकवलेली किल्ली काढून आणली आणि तिच्या हातावर ठेवली. पाहुणे आपापली यंत्रं खाली ठेवून त्याच्याकडे पैसे मागायला लागले. विल्फनं त्याचा चेहरा नीट बघून घेतला, कान लाल झाले तेही बघितलं. असं बघण्यासाठी माणूस दुष्काळ सोसतो.

मग विल्फनं स्वतःचा हात पुढे केला, तळवा वर.

ऑड्रीनं किल्ली दिली नाही. "हे डाग पहिल्यांदा कधी दिसले तुला?"

खोटं बोलता आलं असतं. पण समोरचं गवत खरं बोलत होतं. "ओढा आटायला लागला तेव्हा."

"म्हणजे तो बांध फुटण्याआधी."

"हो."

"आणि तू वर बसून चहा पीत होतास."

विल्फनं मान डोलावली. ती म्हणाली, त्यानं माझी मेंढी मारली, तू माझं कुरण मरताना बघत बसलास. आता साहेबलोक येतील, चौकशी होईल, उद्या हे कुरणही बंदीत जाईल. तिनं किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. ह्या फाटकातून आता कुणाचंच यंत्र आत येणार नाही, म्हणाली. तुझंही नाही.

तो वर चढून, पायवाटेनं घरी आला. नेटीनं त्याच्या गळ्याकडे पाहिलं.

"मिळालं कुरण?"

"नाही."

"मग काय मिळालं?"

विल्फनं खुर्ची ओढली, ताट जवळ घेतलं. "त्यालाही नाही मिळालं," म्हणाला, आणि पाव मोडला.

नेटीनं बूट बाजूला ठेवले. उद्या सकाळी ते लागणार होते की नाही, हे तिनं विचारलं नाही.