बिनपूजेचं यंत्र

स्पिरिटचा गार, नाकात शिरणारा वास आधी यायचा आणि मागून सुहास. आश्विनातलं ऊन भोसरीच्या आमच्या कारखान्याच्या पत्र्यावर तापत असे, आणि त्या उजेडात दिघीहून सायकलने आलेला हा काटकुळा विद्यार्थी काचेच्या हंडीभोवती असा हलक्या पावलांनी फिरे, जणू आत कुणी आजारी निजलं आहे.

मी स्टोअर सांभाळायचे. चिंध्या संपायच्या, स्पिरिट संपायचं. त्याचं "बाई, अजून थोडं" मात्र संपायचं नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षासाठी तो आणि त्याचा मित्र रघू अंतराळयान ढकलणारं विजेचं इंजिन करत होते. टेफ्लॉनच्या वडीवर ठिणगी पाडायची, उडालेल्या वाफेने यान सरकायचं. मुठीएवढं यंत्र, फुंकरीहून हलका जोर! पण त्याला निर्वात पोकळी हवी, आणि ती त्या काचेच्या हंडीत आमच्या नव्या पंपाने मिळे. पंप सोमवारी गिऱ्हाइकाकडे जाणार होता. तोवर ठिणगी पडली नाही, तर त्यांचं वर्ष गेलं.

दसऱ्यापासून दाब दाखवणारा काटा अडून बसला. हंडीतली हवा पुरती निघेना. सुहास सांधे पुसे, पुन्हा पुसे, श्वास रोखून काट्याकडे पाही आणि माझा पारा चढे.

"बाई, हा लग्नात अंतरपाटसुद्धा स्पिरिटने पुसणार," रघू म्हणाला.

"आधी माझ्या चिंध्या परत कर म्हणावं!"

रविवारी त्यांच्यासाठी स्टोअर उघडायला मी फणफणतच आले. सुहासने सगळं उकललं, आतली तांब्याची पट्टी उलटी केली आणि थबकला. मागे तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं, अजून ओली. खंडेनवमीला मीच लावलेली. आत हात घालू नका, असं त्याने बजावलं होतं. पण पूजेच्या यादीतलं एकही यंत्र बिनपूजेचं राहिलेलं मला खपेना, म्हणून दिसणार नाही अशा बाजूला लावली. त्याच तेलाची वाफ तीन दिवस काचेखाली भरत होती.

"बाई, तुम्ही?"

"यादीत होतं," मी म्हटलं.

त्याने चिंधी पुढे केली. "घ्या, तुम्हीच पुसा. चिंधी तुमचीच आहे."

संध्याकाळी काचेत निळी लकेर उमटली, पापणी लवण्याआधी विझलीही. आतच समोर दोऱ्याला टांगलेला कागद जरासा हलला.

सोमवारी पंप गेला, परीक्षेनंतर सुहासही. आयुष्यात मी कितीजणांवर चिडले, ते चेहरे पुसट झाले. ज्याला माझ्यावर चिडायचा पुरता हक्क होता आणि ज्याने आवाजही चढवला नाही, त्याचं नसणं मात्र इतक्या वर्षांनीही मला स्वस्थ बसू देत नाही.